कळा आणण्यापासून सिझरपर्यंत: बेळगाव भागातल्या पहिलटकरणीसाठी

पोटात कळ नाही, पाणी गेलेलं नाही, आणि डॉक्टर सांगतात, ‘उद्या सकाळी ॲडमिट व्हा, कळा आणायच्या आहेत.’ पहिलटकरीण हे ऐकून घाबरते, कारण घरात आजीपासून जावेपर्यंत सगळ्यांनी तिला ‘कळा सुरू झाल्या की जायचं’ एवढंच सांगितलेलं असतं. माझं पहिलं बाळंतपण याच वाटेनं गेलं. तारीख उलटली, जेल ठेवलं, सलाईन लावलं आणि शेवटी सिझर झालं. दुखणं सोसवलं, पण आता पुढं काय होणार हे कुणी सांगत नव्हतं, त्याचा जाच फार झाला. तो दुसरीला होऊ नये म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिकोडी या आपल्या भागातल्या बायकांसाठी हे क्रमानं लिहिते आहे. उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. काय चाललंय हे तुम्हाला कळावं आणि प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठी हे वाचा.

सातव्या महिन्यातच ठिकाण ठरवा

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सासर बेळगावात आणि माहेर चंदगड, गडहिंग्लज किंवा आजऱ्याकडं, किंवा याच्या उलट, अशी घरं सीमाभागात गल्लोगल्ली आहेत. म्हणजे तपासणी एका राज्यात आणि बाळंतपण दुसऱ्या राज्यात. कर्नाटकात नोंद झाली की आशा किंवा आरोग्य केंद्रातली सिस्टर ‘तायी कार्ड’ देते, महाराष्ट्रात माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. कार्ड कुठलंही असो, त्यावरचा आरसीएच नंबर (गरोदरपणाच्या सरकारी नोंदीचा), रक्तगट, हिमोग्लोबिन, साखरेची तपासणी आणि सगळे सोनोग्राफी रिपोर्ट एकाच फाईलमध्ये ठेवा आणि ती फाईल घेऊनच माहेरी जा. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तर हरवूच नका. तारीख सर्वांत खात्रीनं तिच्यावरूनच ठरते, आणि ‘तारीख उलटली’ या कारणानं कळा आणायच्या असतील तर सगळं त्या तारखेवरच अवलंबून असतं. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. माहेरी गेल्यावर तिथं एकदा दाखवून नव्या डॉक्टरांची ओळख करून घ्या.

दवाखाना निवडताना मी तीन गोष्टी विचारायला सांगेन. रात्री भूल देणारे डॉक्टर येतात का? रक्त कुठून येतं, किती वेळात? बाळाला काही झालं तर नवजात विभाग तिथंच आहे की दुसरीकडं न्यावं लागेल? कळा आणताना सिझरची वेळ येऊ शकते, म्हणून या तिन्हींची उत्तरं महत्त्वाची. बेळगावात बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं जिल्हा रुग्णालय आणि नेहरूनगरचं केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल, ही दोन मोठी ठिकाणं आहेत आणि चंदगडकडचे लोकही तिथं येतात. निपाणीच्या लोकांना कोल्हापूर जवळ पडतं, साधारण 40 किलोमीटर. बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. गावातला छोटा दवाखाना चांगला असेल तर जरूर जा, फक्त तिथून पुढं कुठं पाठवतात ते आधी विचारून ठेवा.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. जून ते सप्टेंबरात तारीख असेल तर शेवटच्या दोन आठवड्यांत बेळगाव किंवा खानापुरातल्या नातेवाइकांकडं येऊन राहा. पावसात ओढ्याला पाणी आलं की रस्ता बंद होतो. 108 ला फोन केलात तर आधी गाव, तालुका आणि जिल्हा सांगा, मग त्रास सांगा.

कळा का आणतात

साधारण 40 आठवड्यांची तारीख धरतात. 41 आठवडे पूर्ण होऊनही कळा आल्या नाहीत तर त्या आणाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्यानंतर थांबण्यात बाळाला धोका वाढत जातो. दुसरी कारणं म्हणजे पाणी गेलंय पण कळा नाहीत, रक्तदाब वाढलाय, गरोदरपणातली साखर आहे, बाळाची वाढ थांबलीय, बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, किंवा बाळाची हालचाल मंदावलीय. हालचाल तुम्हीच पाहायची असते. जेवण झालं की डाव्या कुशीवर निवांत पडा. दोन तासांत दहा वेळा हालचाल जाणवली नाही, किंवा रोजच्यापेक्षा स्पष्ट कमी वाटली, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

‘कळा आणल्या की सिझर होतंच’ असं मला घरी खूपजणींनी सांगितलं होतं. ते तसं नाही. 2018 साली अमेरिकेत पहिलटकरणींवर एक मोठा अभ्यास झाला. प्रकृती चांगली असलेल्या ज्या बायकांना 39 व्या आठवड्यात कळा आणल्या, त्यांच्यात सिझर 18.6 टक्के झाले आणि ज्या थांबल्या त्यांच्यात 22.2 टक्के. याचा अर्थ उगाच लवकर कळा आणून घ्या असा होत नाही. पण कारण खरं असेल तर सिझरच्या भीतीनं नकोही म्हणू नका.

डॉक्टरांना एवढं विचारा: कारण काय? दोन दिवस थांबलो तर काय होईल? कुठल्या औषधानं सुरुवात करणार? नाही जमलं तर कितव्या तासाला, काय पाहून पुढचं ठरवणार? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. सोबत येणाऱ्यालाही हे प्रश्न पाठ असू देत, कारण कळा सुरू झाल्यावर तुम्हाला बोलता येणार नाही.

पिशवी

पुढून उघडणारे गाऊन, मोठे पॅड, जुन्या सुती साड्यांची दुपटी, झबली, टोपडं, कानाला बांधायचं फडकं, फोनचा लांब वायरचा चार्जर, वाकता येणारा स्ट्रॉ. आतले कपडे उंच कमरेचे घ्या, म्हणजे सिझर झालंच तर इलॅस्टिक टाक्यांवर येत नाही. गणपत गल्लीत सगळं मिळतं, पण नवीन कपडे धुऊनच न्या. फाईल, आधार, रेशन कार्ड आणि रक्त देऊ शकतील अशा दोघांचे फोन नंबर वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा.

ॲडमिट झाल्यावर

आधी पट्टा लावून बाळाचे ठोके पाहतात. ते मिनिटाला 110 ते 160 असले की ठीक. मग आतून तपासून गर्भपिशवीचं तोंड किती मऊ झालंय, किती आखूड झालंय, किती उघडलंय आणि बाळाचं डोकं किती खाली आहे ते बघतात. त्यावरून बिशप स्कोअर काढतात. तो 6 किंवा त्याहून कमी असेल तर तोंड अजून तयार नाही, आधी ते मऊ करायचं. 8 च्या पुढं असेल तर कळा बऱ्याचदा लवकर धरतात. आपला स्कोअर विचारून घ्या. जवळ बसलेल्या आईला किंवा सासूला ‘अजून का होत नाही?’ असं वाटत असतं, त्याचं निम्मं उत्तर या एका आकड्यात असतं.

तोंड मऊ करण्याचे मार्ग वेगवेगळे. डायनोप्रोस्टोनचं जेल आतून ठेवतात, गरज पडली तर साधारण सहा तासांनी पुन्हा, आणि 24 तासांत तीनदाच. काही ठिकाणी रबरी नळीचा फुगा गर्भपिशवीच्या तोंडात ठेवून त्यात पाणी भरतात. तिसरा मार्ग मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचा. या गोळीचं आपल्या जिल्ह्याशी जुनं नातं आहे. बेळगावच्या जेएनएमसी कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर इथल्या खेड्यांत ती बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावासाठी वापरून पाहिली. गोळी दिलेल्या बायकांत जास्त रक्तस्राव 6.4 टक्क्यांना झाला, न दिलेल्यांत 12 टक्क्यांना. 2006 साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर वाचला गेला. त्यात बाळ जन्मल्यानंतर 600 मायक्रोग्रॅम दिलं होतं. कळा आणायला एका वेळी फक्त 25 दिलं जातं. चोवीसपट फरक आहे. म्हणून ही गोळी कुणी मेडिकलमधून आणून दिली तरी घरी कधीही घेऊ नका. बाळ पोटात असताना जास्त झाली तर कळा थांबतच नाहीत, बाळाचे ठोके पडतात आणि गर्भपिशवी फाटूही शकते.

औषध ठेवल्यावर अर्धा-एक तास पडून राहायला सांगतात. मग बहुतेक वेळा काहीच होत नाही. मासिक पाळीसारखं ओटीपोट दुखतं, थांबतं, पुन्हा दुखतं. बाहेर नातेवाईक फोनवर फोन करत असतात. इथं मन घट्ट ठेवा. पहिलटकरणीला जेल ठेवल्यापासून बाळ होईपर्यंत एक दिवस सहज जातो, कधी दीडही. डॉक्टरांची परवानगी असेल तोवर हलकं खा, मऊ भात, ताक, शिरा. व्हरांड्यात चाला. आणि झोपा, खरंच झोपा, कारण ताकद पुढं लागणार आहे. घरच्यांना सांगून ठेवा की फोन एकाच माणसाला करायचा.

तोंड थोडं उघडलं की पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फोडतात आणि कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं सलाईन लावतात. जेल ठेवलं असेल तर मधे किमान सहा तास जावे लागतात. पाणमोट फोडताना तपासणीइतकाच त्रास होतो, मग कोमट पाणी वाहत राहतं. पाण्याचा रंग सिस्टरला विचारा. हिरवट असेल तर बाळानं पोटातच शी केलीय, आणि त्यांचं लक्ष जास्त लागतं. सलाईन थेंबाथेंबानं वाढवतात. या कळा जवळजवळ येतात, मधली उसंत कमी असते. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येत असतील, किंवा कळ ओसरतच नसेल, तर ‘सिस्टर, थांबत नाही’ असं मोठ्यानं सांगा. सलाईन कमी करता येतं. सांगायला लाजू नका.

कळ आली की नाकानं श्वास आत घ्या, तोंडानं सावकाश सोडा, खांदे सैल ठेवा. कंबर दाबून द्यायला कुणीतरी हवंच. 2016 पासून केंद्र सरकारच्या सूचनेप्रमाणे सरकारी दवाखान्यातही लेबर रूममध्ये सोबतीला एक बाई थांबू शकते, जिला स्वतःला बाळंतपणाचा अनुभव आहे अशी. ॲडमिट होतानाच याबद्दल विचारा. पाठीतून वेदना कमी करण्याची सोय, म्हणजे एपिड्युरल, मोठ्या हॉस्पिटलांत मिळते. हवी असेल तर आधी बोलून ठेवा.

भाषेची काळजी बऱ्याचजणींना असते. बेळगाव शहरात मराठी समजणारी सिस्टर किंवा मावशी जवळपास असतेच. पण कागद कन्नड किंवा इंग्रजीत असतात. संमतीचा कागद समोर आला की ‘अक्का, जरा मराठीत सांगा, काय लिहिलंय’ असं म्हणा. सज्ञान बाईच्या उपचाराला तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही घेतली तरी तुम्हाला समजावून सांगायचं राहू देऊ नका. माझ्या वेळी, कुठल्या दवाखान्यात ते सांगत नाही, कागद थेट बाहेर नवऱ्याकडं नेला होता आणि मला आत काहीच ठाऊक नव्हतं. तसं झालं तर कागद परत मागवून घ्या. दोन मिनिटं लागतात.

सिझरचं ठरतं तेव्हा

दोन वाटांनी ठरतं. पहिली घाईची. ठोके पडतात आणि वर येत नाहीत, रक्तस्राव होतो, किंवा नाळ खाली येते. तेव्हा चर्चेला वेळ नसतो. दुसरी वाट सावकाश. कळा चांगल्या आहेत, पण तासन्‌तास तोंड उघडत नाही किंवा डोकं खाली सरकत नाही. कळा खरा जोर धरतात त्या तोंड 5 सेंटीमीटर उघडल्यावर, आणि पूर्ण म्हणजे 10. त्याआधीचा वेळ लांबतो म्हणून आई आणि बाळ दोघं ठीक असताना घाई करायची गरज नसते. पाणमोट फुटून सलाईन लावल्यावर 12 ते 18 तास वाट पाहून मगच ‘कळा आणणं जमलं नाही’ असं म्हणावं, हा आताचा सल्ला आहे. तेव्हा दुसऱ्या वाटेवर असाल तर शांतपणे विचारा: ठोके ठीक आहेत का? अजून थोडं थांबता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर लगेच तयार व्हा.

आणि इतकं सगळं सोसून सिझर झालं म्हणून ‘तिला जमलं नाही’ असं कुणी म्हणालं, तर ऐकून घेऊ नका. मला ते पाहायला आलेल्या एका बाईनं म्हटलं होतं, अजून टोचतं. तुम्ही कळाही काढल्यात आणि ऑपरेशनही सोसलंत.

ऑपरेशनच्या खोलीत

लघवीची नळी घालतात, उलटी आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन देतात, अँटिबायोटिक देतात. मग बसवून पाठ मांजरासारखी वाकवायला सांगतात आणि कमरेत बारीक सुईनं भूल देतात. त्या क्षणी कळ आली तर सांगा, ते थांबतात. पाय गरम होतात, जड होतात, हलत नाहीत. रक्तदाब उतरून मळमळलं किंवा थंडी वाजून दात आपटायला लागले तरी घाबरू नका, नेहमीचं आहे, डोक्याशी उभ्या डॉक्टरांना सांगा. दुखत नाही, पण ओढाताण कळते. बाळ बाहेर काढताना पोटावर वरून जोरात दाबतात, तेवढा वेळ श्वास कोंडल्यासारखा वाटतो. चिरल्यापासून पाच-दहा मिनिटांत बाळ बाहेर येतं, टाके घालायला अर्धा-पाऊण तास जातो. बाळ ठीक असेल तर गालाला लावायला मागा.

कमरेतल्या भुलेच्या या इंजेक्शनानं जन्मभर कंबर दुखते असं आपल्याकडं घरोघरी ऐकू येतं. अभ्यासात तसं आढळलेलं नाही. गरोदरपण, अशक्तपणा आणि वाकून दूध पाजणं ही कंबरदुखीची खरी कारणं. मात्र नंतर उठून बसल्यावर डोकं भयंकर दुखलं आणि आडवं झाल्यावर थांबलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळवा, त्यावर उपाय आहे.

तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन घ्यायचं असतं. हे तुम्ही स्वतः लक्षात ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस

भूल उतरली की टाके जळजळतात. दुखणं अंगावर काढू नका, गोळी मागा. दुखत असलं की बाई हलत नाही, आणि न हलल्यानं पायात रक्ताच्या गाठी होतात. पडल्या पडल्या पावलं वरखाली हलवत राहा. नळी काढली की पहिल्यांदा उठायचं. आधी कुशीवर वळा, हातावर भार देऊन बसा, पाय सोडून दोन मिनिटं थांबा, मग कुणालातरी धरून उभं राहा. खोकताना, हसताना उशी टाक्यांवर दाबून धरा. पहिलं चालणं फार जड जातं, दुसरं त्याच्या निम्मं.

सिझर झालं तरी बाळाला पहिल्या तासातच छातीला लावता येतं. हात सलाईनला अडकला असेल तर मावशीला धरायला सांगा. पिवळसर घट्ट चीक थेंबभर दिसतो, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. सिझरनंतर दूध भरायला तीन-चार दिवस लागू शकतात. डब्याचं दूध सुरू करण्याची घाई होते ती याच दिवसांत. बाळ काखेत धरून पाजलं, किंवा कुशीवर झोपून पाजलं, तर टाक्यांवर भार येत नाही. मध, घुटी, साखरपाणी काहीही देऊ नका. मधातून लहान बाळाला जीवघेणी बाधा होऊ शकते. आजीला हे बाळ होण्याआधीच प्रेमानं सांगून ठेवा. 24 तासांत कावीळ-ब, तसंच बीसीजी आणि पोलिओचा डोस झाला का ते कार्डावर पाहा.

पाचवीला तुम्ही दवाखान्यातच असाल. पूजा घरी आईनं करावी, तुम्ही त्यासाठी डिस्चार्ज मागू नये.

घरी

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, बाजरीची भाकरी, सगळं चांगलं. सोबत डाळ, अंडी, पालेभाज्या आणि भरपूर पाणी हवं. बाळंतिणीला पाणी तोडतात ते चूक आहे, दूधही कमी होतं आणि शौचाला खडाही होतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या. शेक घ्यायचा तर खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर विषारी वायू कोंडतो आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. धुरी बाळाच्या नाकाशी नको. टाक्यांवर तेल, हळद, राख काही लावू नका, आंघोळीनंतर सुती कापडानं टिपून कोरडं ठेवा. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका, पाण्याची घागर तर नाहीच.

तासाभरात पॅड भिजला, ताप 100.4 च्या वर गेला, स्रावाला घाण वास आला, टाक्यांतून पू आला, एका पोटरीला सूज येऊन दुखू लागली, छातीत दुखलं किंवा दम लागला, डोकं ठणकून डोळ्यांसमोर अंधारी आली, तर त्याच घडीला दवाखान्यात जा. बारशापर्यंत कळ काढू नका. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येतं, ते बहुतेकींचं ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही मन उदास असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरांशी बोला, किंवा 14416 या टेली-मानसच्या मोफत नंबरवर फोन करा. तिथं मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही.

पैसे आणि कागद

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधं, रक्त, तपासण्या आणि जेवण 2011 पासून मोफत आहे. घरी सोडायला गाडीही. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पात्र आईला 5000 रुपये मिळतात, ते तिच्या नावाच्या आधार जोडलेल्या खात्यावर येतात. अर्ज अंगणवाडीत. माहेर-सासर दोन राज्यांत असेल तर अर्ज एकाच ठिकाणी करा.

जन्माची नोंद 21 दिवसांत, आणि बाळ जिथं जन्मलं तिथली. नाव ठरलं नसेल तर ते नंतर घालता येतं. दाखला कर्नाटकातला असेल तर कन्नड वाचणाऱ्या कुणाकडून तरी आईवडिलांची नावं, आडनाव आणि गाव अक्षरशः वाचून घ्या आणि इंग्रजी स्पेलिंग आधारशी ताडून बघा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे.

डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागून घ्या. गर्भपिशवीवर चीर आडवी दिली की उभी, हे त्यात असतं. चीर खाली आडवी असेल तर पुढच्या वेळी बऱ्याचजणींना नैसर्गिक बाळंतपण करून बघता येतं. पुढचं बाळंतपण कोल्हापुरात झालं किंवा गोव्यात, तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा हाच कागद लागेल. पुढचं बाळ राहण्याआधी किमान दीड ते दोन वर्षं जाऊ द्यात.